आमवाताचा रुग्ण आणि विषाणुजन्य ज्वर

आमवाताचा रुग्ण हा आपल्या चिकित्सालयातील नित्याचा रुग्ण होय. सकाळी बोटे आखडतात, सांधे सुजतात, अंग जड होते, अग्नी मंदावतो. माधवनिदानात या व्याधीचे स्वतंत्र वर्णन आले आहे व त्याची चिकित्सा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र हाच रुग्ण एखाद्या दिवशी ज्वर घेऊन आला, तर तो आमवाताचा वेग समजावयाचा की नवा आगंतु ज्वर, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा व्यवहाराच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

एक अनुभव

२००६ साली चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रात आली तेव्हा मी व्यवसायात नवखा होतो. त्यापूर्वी १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या रोगाची साथ येऊन गेली होती. परंतु मधल्या तीन दशकांत त्याचे नावही बहुतेकांच्या स्मरणात उरले नव्हते. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली व मराठवाड्यातील गावेच्या गावे सांधे धरून बसली.

त्या पावसाळ्यात वसमत तालुक्यातील एक पन्नाशीची शेतकरी स्त्री माझ्याकडे आली. आमवात जुना होता. नांदेडच्या तज्ज्ञांकडून मेथोट्रेक्सेट व अल्प मात्रेत प्रेडनिसोलोन चालू होते. तीन दिवस ज्वर, दोन्ही घोटे व मनगटे सुजलेली. मी आमवाताचा वेग मानून वालुकास्वेद व सिंहनाद गुग्गुळ सुरू केला. ‘इंग्रजी गोळ्यांनी उष्णता वाढते’ म्हणून तिने त्या आधीच बंद केल्या होत्या. तिने ते मला सांगितले आणि मी त्यावर काहीच बोललो नाही. घरातील आणखी दोघांना असाच ताप आहे का, हे मी विचारलेही नाही.

दोन दिवसांनी तिला जुलाब, उलट्या व चक्कर सुरू झाली आणि रक्तदाब घसरला. नातेवाइकांनी तिला नांदेडला नेले. शिरेवाटे द्रव व स्टेरॉइड दिल्यावर ती वाचली. ज्वर चिकुनगुन्याचा होता. पण जीवावर बेतले ते दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी थांबल्याने. त्यात एरंडतेलयुक्त कल्पाच्या रेचनाने शरीरातील द्रव आणखी कमी झाला. दोष माझ्या शास्त्राचा नव्हता, अपुऱ्या प्रश्नपरीक्षेचा होता.

धोका का वाढतो?

संधिवाताच्या या गटातील व्याधींत शरीराची व्याधिक्षमता स्वतःच्याच धातूंवर उलटलेली असते. मूळ विकारामुळे संसर्गाचा प्रतिकार आधीच विस्कळीत असतो. त्यावर दिली जाणारी औषधे तो आणखी कमी करतात. सर्व औषधांचा धोका मात्र सारखा नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व सल्फासॅलॅझिन यांनी संसर्गाची भीती फारशी वाढत नाही. प्रेडनिसोलोनचा धोका मात्रेनुसार चढतो. कोविडच्या काळात दिवसाला १० मि.ग्रॅ. वा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्या, तसेच रिटुक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांना तो आजार अधिक तीव्र झाल्याचे आढळले. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांनी नागीण होण्याची शक्यता वाढते. काही औषधांमुळे यकृतात सुप्त असलेली हिपॅटायटिस बी पुन्हा उसळते. म्हणूनच ती सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी आवश्यक ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात ज्वराचा वेग झाकला जातो. तापमापकावर ९९ अंश दिसले म्हणून निश्चिंत राहू नये.

चार ठळक प्रसंग

चिकुनगुन्या : सांधेदुखी अनेक महिने राहू शकते व ती हुबेहूब आमवातासारखी भासते. ज्वर अचानक आला का, अंगावर पुरळ आहे का, घरात व शेजारी आणखी कोणी आजारी आहे का, हे विचारावे. नवा संधिशोथ दिसताच आमवाताचा शिक्का मारू नये. हिपॅटायटिस बी व सी यांतही सांधे दुखतात.

डेंगी : याचा संशय असेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन टाळावे, कारण रक्तस्रावाचे भय असते. ज्वरासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ व पुढे आयजीएम तपासणी करवून घ्यावी.

नागीण : आपल्याकडे ‘नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो’ हा समज आजही आहे आणि मंत्र-लेपात चार-पाच दिवस जातात. विषाणुरोधक गोळ्यांचा खरा लाभ पुरळ उठल्यापासून ७२ तासांत होतो. आपल्या ग्रंथांतील कक्षेशी या व्याधीचे साम्य दाखविले जाते. लेप अवश्य करावा, परंतु आमवाताच्या रुग्णास त्याच दिवशी पुढे पाठवावे.

श्वसनमार्गाचे संसर्ग : फ्लू व कोविड यांत श्वास लागणे, गुंगी, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. फ्लूची लस तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी मात्र सामान्यतः वर्ज्य असतात.

आपल्या औषधांविषयी

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला या रुग्णांना सरसकट देता येत नाही, कारण त्यांच्यात तीच शक्ती भरकटलेली असते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा उपस्थित केला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, मेथोट्रेक्सेट यकृतावर भार टाकणारे असल्याने ते घेणाऱ्यास गुळवेल दीर्घकाळ देताना यकृताची तपासणी करावी, इतकी सावधगिरी आपल्या हाती आहे. वसमतच्या हळदीचा आपल्याला अभिमान आहे. पण आहारातील हळद वेगळी व एकवटलेल्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या.

औषध विक्रेत्यांना विनंती

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास तोंडात व्रण होतात, रक्तपेशी घटतात व प्राणही जाऊ शकतो. पाकिटावर वार लिहून द्यावा. प्रेडनिसोलोन वा डेक्सामेथासोन चिठ्ठीविना देऊ नये. ‘एका पुडीत सांधे मोकळे’ करणारी बिननावाची चूर्णे ठेवू नयेत; त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास रुग्णाला आपण काय घेत होतो हेच कळत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मागणी उसळली व आमवाताचे नित्याचे रुग्ण त्यासाठी वणवण फिरले. पुढे कोविडवर त्याचा उपयोग नसल्याचे सिद्ध झाले. अशा प्रसंगी जुन्या रुग्णाचा साठा आधी राखून ठेवावा.

नित्याचा क्रम

आमवाताच्या ज्वरित रुग्णास चार प्रश्न विचारावेत : कोणती औषधे चालू आहेत, कोणती बंद केली, घरात कोणास ताप आहे, अंगावर काही उठले आहे काय? स्टेरॉइड स्वतःहून बंद करू देऊ नये. मेथोट्रेक्सेट थांबविण्याविषयी त्याच दिवशी तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलावे. लंघन हे लघु आहाराच्या स्वरूपात असावे, पाणी तोडू नये. रांजण व हौद आठवड्यातून एकदा कोरडे करून घासण्यास सांगावे. एडिस डास दिवसा चावतो, म्हणून झोपेतील मच्छरदाणी तेवढ्याने पुरत नाही.

ती स्त्री पुढे अनेक वर्षे माझ्याकडे येत राहिली. येताना सर्व गोळ्या एका पिशवीत घालून आणी व न विचारताच टेबलावर ओतून ठेवी. ही सवय प्रत्येक रुग्णास लावता आली, तर निदानाचे अर्धे काम तेथेच होईल.