संगणक घेताना : कंपनीचा की जुळवलेला?



जानेफळ भागातल्या सभासदांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला सेवा केंद्र टाकून द्यायचे आहे, किंवा मुलगी कॉलेजात गेली आहे. घरात टेबलावरचा एक संगणक घ्यायचा आहे आणि पैसा बेताचा. नामांकित कंपनीचा तयार घ्यावा, की दुकानदाराकडून सुटे भाग जोडून, म्हणजे ‘असेंबल’ करून घ्यावा? बहुतेक जण दोन कोटेशनांतला फरक पाहून निर्णय घेतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने अभ्यासू. यंत्र बंद पडेल त्या दिवशी ते जानेफळात कोण आणि किती दिवसांत चालू करून देईल?

आधी एक गैरसमज काढून टाकू. जुळवलेला संगणक म्हणजे नकली माल नव्हे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तोच मुळी बराचसा बाजारातल्या तयार भागांतून जुळवलेला होता, आणि त्याची रचना तिने उघडी ठेवली. त्यामुळे इतरांनाही तसेच भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची मापे ठरवून दिली. मदरबोर्डाची भोके कुठे असावीत, वीजपुरवठ्याचा डबा केवढा असावा, हे सर्व त्यात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा सुट्या भागांचा बाजार चालतो तो अशा ठरलेल्या मापांच्या जोरावर. कंपनीच्या संगणकातही प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचाच असतो. फरक आहे तो मापांत, बिलात आणि जबाबदारीत.

मापांचा फरक मी घरीच भोगला आहे. पुतण्याच्या सेवा केंद्रात एका मोठ्या कंपनीचा संगणक होता. पावसाळ्यात एका रात्री वीज कडाडली आणि सकाळी यंत्र मेलेले. मेहकरच्या मेकॅनिकने उघडून पाहिले. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळाला होता. त्याच्या दुकानात नवा होता, पण तो बसेना. भोके जुळत नव्हती आणि पिनाही वेगळ्या. कंपनीला फोन केला तर विजेने जळालेले वॉरंटीत धरत नाहीत म्हणाले. त्यांचाच डबा मागवून यायला एकोणीस दिवस लागले. नेमक्या त्या दिवसांत पीकविम्याची शेवटची तारीख होती. दारात आलेल्या माणसाला ‘दुसरीकडे जा’ म्हणावे लागले. ती गिऱ्हाइके पुढे परत आली नाहीत, हे वेगळेच.

आपल्या विहिरीवरची मोटार जळाली तर रिवायंडिंगवाला जवळपास सापडतो, म्हणून आपण ती निर्धास्त घेतो. संगणकाला हाच नियम लावायला आपण विसरतो.

सहकारातले उदाहरण पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची योजना सुरू झाली. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे निघाली. ऊस नोंद, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा हेतू. हेतू चांगलाच होता आणि देशभर त्याचे नाव झाले. पण खेड्यातली वीज आणि यंत्रांच्या देखभालीचा खर्च हे दुखणे मागे लागले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी तिथे काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखवले. खरेदीचा खर्च एकदाच दिसतो, देखभालीचा मात्र दर साल लागतो. मोठ्या संस्थेला जे जड गेले ते आपल्या घराला हलके कसे जाईल?

मग काय, डोळे मिटून जुळवलेला घ्यावा का बाप्पा? तसेही नाही. खरी फसवणूक तिथेच जास्त चालते. दुकानदार म्हणतो, “भाऊ, आय फाईव्ह आहे, नवा कोरा!” आय फाईव्ह हे नाव इंटेल २००९ पासून वापरत आली. त्यामुळे बारा-तेरा वर्षांपूर्वीचा वापरलेला प्रोसेसर आणि त्यावर ‘एच ६१’ जातीचा नवा छापलेला बोर्ड बसवला, तरी तो ‘आय फाईव्ह’च. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून ‘आय फाईव्ह का?’ असे न विचारता ‘कितव्या पिढीचा?’ असे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जुने, कंपन्यांतून निघालेले संगणक घेणाऱ्यांनाही हेच लागू.

दुसरी गोष्ट विंडोजची. कंपनीच्या यंत्रात बहुधा अस्सल विंडोज भरून येते आणि तिची किंमत भावातच असते. जुळवणारा पुष्कळदा चोरीची प्रत टाकून देतो आणि म्हणतो, सगळे असेच वापरतात. जिथे लोकांचे आधार, बँक खाते, सातबारा हाताळायचे तिथे हे चालणार नाही. अस्सल परवान्याची रक्कम धरूनच कोटेशनांची तुलना करा. फरक बराच कमी झालेला दिसेल. नुसत्या अभ्यासासाठी संगणक हवा असेल तर लिनक्स फुकट आहे आणि मराठीही उत्तम चालते. सेवा केंद्राला मात्र अंगठ्याच्या मशीनसाठी विंडोजच सोयीची पडते.

तिसरे म्हणजे तोच एसएमपीएस. डब्यासोबत फुकट येणाऱ्यावर ४५० वॅट छापलेले असते, पण छापण्याला पैसे पडत नाहीत! कार्यालयीन कामाचा साधा संगणक १०० वॅटही क्वचितच ओढतो. आकड्यापेक्षा दर्जा पाहा. नावाजलेला, ‘८० प्लस’ खूण असलेला वेगळा घ्या. काटकसर करायची तर दिखाऊ डब्यात करा, इथे नको.

माझे मत विचाराल तर, ज्याला मेहकर-खामगावकडचा एखादा भरवशाचा मेकॅनिक माहीत आहे, त्याने ठरलेल्या मापाच्या भागांचा जुळवलेला घ्यावा. एक भाग गेला तर तेवढाच बदलतो. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीवर घरचे काम भागते. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एकदम चढले, तेव्हा कोटेशन त्याच आठवड्याचे घ्या. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर हवा, कारण प्रत्येकाची वॉरंटी निराळी असते.

ज्याला असा माणूस माहीत नाही, त्याने कंपनीचा घ्यावा, पण तीन वर्षांची ‘ऑनसाइट’ सेवा घेऊनच. पैसे देण्याआधी कंपनीच्या सेवा क्रमांकावर जानेफळचा पिनकोड सांगून विचारावे की इंजिनिअर इथे येतो का, आणि किती दिवसांत. दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

दोन्हींपैकी काहीही घ्या, ६०० व्हीएचा यूपीएस लागेलच. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब निघाला तर आधी खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घाला, संगणक नंतर लावा. आणि आभाळ कडाडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून ओढून काढा, इंटरनेटची तारसुद्धा.