कानातल्याची फिरकी: काय बघावं, किती मोजावं

कानातली कुडी हरवते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याआधी फिरकी गेलेली असते. ती केव्हा गळून पडली ते कळत नाही. पाव-अर्ध्या ग्रॅमची वस्तू पडल्याचा आवाज होत नाही, आणि कुडी पुढे बराच वेळ नुसत्या दांडीच्या आधारावर पाळीत तग धरून राहते. मग गाडी लावून तोंडावरचा स्कार्फ सोडताना, हेल्मेट काढताना किंवा ओले केस पुसताना ती टॉवेलाच्या धाग्यात अडकून निघून येते. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या, कॉलेज रोडला मुलांना सोडणाऱ्या कितीतरी बायका दिवसातून चार वेळा स्कार्फ बांधतात आणि सोडतात. प्रत्येक वेळी फिरकीचे आटे थोडे ताणले जातात.

एप्रिल 2025 मध्ये शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांवर गेला. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी 22 कॅरेटचा भाव सोयीचा म्हणून ग्रॅमला 12,000 रुपये धरते. तुम्ही तिथे त्या दिवसाचा भाव घाला. चार ग्रॅमची एक कुडी म्हणजे घडणावळ सोडून 48,000 रुपयांचं सोनं. ते ज्या आट्यांवर टिकून असतं ते आपण खरेदीच्या वेळी पाहतही नाही. नक्षी पाहतो, मोती पाहतो, आरशात दोन्ही बाजूंनी वळून पाहतो, पण दागिना उलटा करून दांडी कोणी पाहत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कानातलं आधी मागून पाहावं.

दोष फिरकीचा की दांडीचा?

सराफाकडे जाण्याआधी घरी दोन मिनिटांची तपासणी करा, कारण खर्चाचा सगळा फरक इथेच पडतो. खाली जाड कापड अंथरा. फिरकी पूर्ण बसवा आणि न फिरवता सरळ मागे ओढून पाहा. ती फिरल्याशिवाय दांडीवरून सरकली, तर आटे घासले आहेत. समजा ही सैल फिरकी उजव्या कानाची आहे. आता डाव्या कानाची फिरकी उजव्याच्या दांडीवर हलक्या हाताने लावून बघा. ती घट्ट बसली तर दोष पहिल्या फिरकीचा. तीही सैल गेली आणि स्वतःच्या दांडीवर मात्र नीट बसत असेल, तर दोष दांडीचा. चांगल्या फिरकीने दांडीवर निदान तीन-चार पूर्ण वेढे घ्यायला हवेत. एक-दीड वेढ्यातच ती पाळीला टेकत असेल, तर दांडी आखूड आहे. पाळी जाड असणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो आणि त्यांना वाटतं की फिरकीच खराब आहे.

आटे झिजतात त्याचं कारण सोन्याच्या मऊपणात आहे. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, 18 कॅरेटमध्ये 75 टक्के. बाकी तांबं-चांदी वगैरे, आणि कडकपणा या मिश्रणातून येतो. म्हणून 18 कॅरेटच्या हिऱ्याच्या टॉप्सचे आटे वर्षानुवर्षं टिकतात आणि रोज वापरातल्या 22 कॅरेटच्या कुड्यांचे लवकर बोथट होतात. 22 कॅरेटमध्येच घ्यायचं असेल तर जाड दांडी मागा. सराफांकडे बारीक दांडीच्या पेचाला ‘बॉम्बे स्क्रू’ आणि जाड दांडीच्या पेचाला ‘साऊथ स्क्रू’ म्हणतात. दुकानात हे शब्द वापरले की समोरचा माणूस वेगळा ट्रे काढतो. जाड दांडीला कानाचं भोकही तेवढं लागतं. बारीक काडीची सवय असलेल्या कानात ती जबरदस्तीने घालू नये, पाळी सुजते.

एक सल्ला अनेकदा मिळतो: जुन्या 22 कॅरेटच्या दांडीला 18 कॅरेटची कडक फिरकी लावा, टिकेल. फिरकी टिकेल हे खरं, पण कडक फिरकी मऊ दांडीला खाईल. दांडी बदलणं हे फिरकी बदलण्यापेक्षा खर्चाचं आणि जोखमीचं काम आहे. तेव्हा नुसती फिरकी बदलायची असेल तर दांडीच्याच कॅरेटची घ्या. झिजायचं असेल तर फिरकीने झिजावं.

खर्चाचा हिशेब

फिरकीची जोडी किती ग्रॅमची, यावर सगळं आहे. समजा मोठ्या कुडीची जोडी 0.600 ग्रॅम भरली. सोन्याचे 7,200 रुपये. घडणावळ 15 टक्के धरली तर 1,080. झाले 8,280. त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 248 रुपये. एकूण सुमारे 8,530. हीच जोडी 18 कॅरेटची असेल तर त्या प्रमाणात भाव ग्रॅमला सुमारे 9,800 पडतो आणि सगळं मिळून 7,000च्या आत येतं. एकच फिरकी हरवली असेल तर साधारण निम्मे. छोट्या कामाला काही दुकानं टक्केवारीऐवजी ठोक घडणावळ लावतात आणि ती टक्केवारीपेक्षा जास्त पडते, म्हणून आधी विचारा. जुनी घासलेली फिरकी तुमचीच आहे. ती तुमच्यासमोर काट्यावर ठेवून मोडीत वजा करून घ्या. 0.250 ग्रॅमची फिरकी 12,000च्या भावाने 3,000 रुपयांची होते. मोडीचा भाव थोडा कमी मिळेल, तरी ती काउंटरवर विसरून येण्याची वस्तू नाही.

तयार फिरकी घ्यायला नुसती उरलेली फिरकी घेऊन जाऊ नका, कानातलंच न्या. प्रत्येक कारखान्याच्या डायचे आटे सारखे नसतात. दिसायला तंतोतंत तशीच फिरकी दुसऱ्या दुकानातली असेल तर ती पहिल्या वेढ्यात अडते, आपण जोर लावतो आणि चांगल्या दांडीचे आटे चढून बसतात. बसवून, ओढून, काढून पाहिल्यावरच पैसे द्या.

दांडी गेली असेल तर काम वाढतं. जुनी दांडी काढायची, नवी डाख देऊन बसवायची, आटे पाडायचे, उजाळा द्यायचा. साध्या सोन्याच्या टॉप्ससाठी ही मजुरी काही शे रुपयांत होते. दुकानागणिक, कारागिरागणिक बदलते. वर नव्या दांडीचं सोनं. पण मोत्याच्या कुडीचं तसं नाही. मोती आच सहन करत नाही. मोती आधी सोडवायचे, डाख द्यायचा, मग पुन्हा तारेत गुंफायचे. त्यामुळे मजुरी दुप्पट-तिप्पट सांगितली तर ती अवाजवी समजू नका. उलट मोती न काढता लगेच करून देतो म्हणणाऱ्याला विचारा की आच कुठे लागणार. लेझरची मशीन असलेल्या कारखान्यात उष्णता अगदी नेमक्या ठिकाणी देता येते. खडे आणि मोती असलेल्या जुन्या दागिन्यासाठी थोडे पैसे जास्त देऊन मी तोच मार्ग सुचवीन. तुमच्याच दागिन्यावरच्या अशा कामाला मजुरीवर जीएसटी वेगळा लागतो.

आता स्वस्त उपाय. पारदर्शक सिलिकॉनची बुचं पंचवीस-पन्नास रुपयांच्या पाकिटात पुष्कळ मिळतात. सोन्याचं कानातलं एकट्या बुचावर सोडू नये, पण फिरकीच्या मागे दुसरा अडसर म्हणून ते उत्तम आहे: फिरकी सैल झाली तरी बुचापाशी थांबते. त्यासाठी दांडीचं टोक फिरकीबाहेर थोडं उरायला हवं. बूच महिन्या-दोन महिन्यांत सैल पडतं, तेव्हा नवं लावा. दांडीला शिवणाचा दोरा एक-दोन वेढे गुंडाळून वर फिरकी लावण्याची आजीच्या काळातली युक्ती आजही चालते. लग्नाच्या दिवसापुरती ती भरवशाची आहे. रोज ठेवली तर दोऱ्यात घाम आणि मळ साचून कान चिघळतो. आणि कुडीला जोडून केसांत अडकवायचा वेल आपण शोभेचा समजतो, तो वजनही पेलतो आणि फिरकी गळाली तरी कुडी जमिनीवर पडू देत नाही. जड झुमक्यांबरोबर तो जरूर घ्यावा.

अलीकडे ऑनलाइन मिळणारी कळीची फिरकी आणखी वेगळी. तिच्या आत छोटी स्प्रिंग असते. दांडीवर ढकलली की ती पकड घेते, ओढली की पकड आवळते, आणि बाहेरची कडी मागे खेचली तरच सुटते. स्टीलची किंवा चांदीवर मुलामा दिलेली जोडी काही शे रुपयांत मिळते. गुळगुळीत दांडीच्या, दाबाच्या फिरकीच्या टॉप्सना ती फार चांगली. आट्यांच्या 22 कॅरेट दांडीवर मात्र लावू नये, स्प्रिंग मऊ आटे खरवडते. घेण्याआधी आपल्या दांडीची जाडी जुळते का ते पाहा.

पकड कितीही हवी असली तरी ओरबाडलं गेलं तर पाळी फाटते, हेही लक्षात असू द्या. फाटलेली पाळी शिवायला भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतर काही महिने पुन्हा टोचता येत नाही. गर्दीत, रात्रीच्या बसप्रवासात, रामकुंडावर स्नानाला जाताना कान मोकळे ठेवणं हाच उपाय. 2027 च्या सिंहस्थात पाहुण्यांना घेऊन घाटावर जाणार असाल तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

लहान मुलांसाठी मागून बंद, गोल टोपीची फिरकी घ्या. दांडीचं टोक झोपेत मानेला टोचत नाही. पाळी आणि फिरकी यांच्यामध्ये थोडी फट राहू द्या. हरवू नये म्हणून गच्च आवळलेली फिरकी पाळीत रुतते, आणि ती काढायला डॉक्टरांकडे जावं लागतं. पडलेली फिरकी बाळाच्या तोंडात जाऊ शकते, म्हणून रोज अंघोळीच्या वेळी चाचपून पाहा. चमकीची फिरकी नाकाच्या आत असल्याने तिच्याबाबत तर कुठलीही ढिलाई नको.

पावती, कस आणि तक्रार

फिरकीच्या शुद्धतेकडे ग्राहकाचं सर्वांत कमी लक्ष असतं. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासून सुरू झाली. देशातल्या पहिल्या 256 जिल्ह्यांमध्ये नाशिक होतं. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला या सक्तीतून सूट आहे आणि सुटी फिरकी त्यातच मोडते. म्हणजे कुडीवर शिक्का असला तरी नंतर घेतलेल्या फिरकीच्या कसाला आधार फक्त तुमच्या पावतीचा. पावतीवर ‘फिरकी जोडी’, कॅरेट, ग्रॅममध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. ‘रिपेअरिंग’ एवढा एकच शब्द आणि खाली एक आकडा, अशी पावती घेऊ नका.

नवं कानातलं घेताना फिरकी एकूण वजनात धरलेली असते. ती सोन्याचीच आहे ना आणि त्याच कॅरेटची आहे ना, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर फिरकी काढून दागिना वेगळा तोलायला सांगा. शिक्क्याचा एचयूआयडी भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून लगेच पडताळता येतो. हॉलमार्क करण्याचं शुल्क 2022 पासून नगाला 45 रुपये अधिक कर आहे, तेव्हा त्याच्या नावाखाली शेकडो रुपये लावले असतील तर हरकत घ्या. घरच्या जुन्या दागिन्याचा कस पाहायचा असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात ग्राहकाला स्वतः जाता येतं. चार नगांपर्यंत तपासणीला 200 रुपये आणि वर कर असं शुल्क ठरलेलं आहे.

दुरुस्तीला टाकताना दागिना तुमच्यासमोर तोलून, मोत्यांची-खड्यांची संख्या लिहून पावती घ्या आणि परत घेताना पुन्हा तोला. नाशिकच्या सराफ बाजार आणि दहीपुलाच्या भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काम टाकत असाल तर आणखी एक गोष्ट विचारा: वस्तू रात्री कुठे ठेवणार? गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीच्या घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडायला लागला की पाणी याच गल्ल्यांत शिरतं. 2008 आणि 2019 च्या पुरात ते दुकानांतही शिरलं होतं. जाणते सराफ वस्तू वरच्या मजल्यावर किंवा दुसरीकडे हलवतात आणि विचारलं तर सरळ सांगतात. घाई नसेल तर दांडीचं काम पावसाळ्यानंतर, पण लग्नसराईच्या बरंच आधी करा. लग्नसराईच्या ऐन तोंडावर टाकलं तर कारागीर मोठ्या कामांत गुंतलेला असतो आणि छोटं काम आठवडा-आठवडा रेंगाळतं.

हॉलमार्कच्या दागिन्यात सोनं कमी निघालं, तर कमी भरलेल्या शुद्धतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क बीआयएसच्या 2018 च्या नियमांनी दिला आहे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबत मूळ पावती, दुरुस्तीची पावती आणि तपासणी केंद्राचा अहवाल जोडा.