हवेतील खत

सोलापूरच्या पठारावर पाऊस थोडा आणि मोठा लहरी. तेथील खोल काळ्या जमिनी पावसाळाभर न पेरता, नुसत्या कुळवून मोकळ्या ठेवण्याची चाल जुनी आहे. भाद्रपद-आश्विनात त्यांत शाळू पेरतात. पुढे पाऊस बहुधा येत नाही. जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवरच मालदांडीची ताटे डोक्याइतकी उंच होतात.

पण केवळ ओलीने कणीस भरत नाही. ज्वारीला नत्र हवे. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रच असते. तरीही त्यात बुडालेल्या ज्वारीच्या पानांना त्यातील कणही घेता येत नाही! नत्राचे अणू जोडीजोडीने एकमेकांस घट्ट बिलगलेले असतात. खताच्या कारखान्यात ही जोडी फोडावयास प्रचंड दाब व चारशे-पाचशे अंश उष्णता लागते.

हेच काम तुरीच्या मुळाशी गाजावाजा न होता चालते. मुलांनो, तुरीचे कोवळे रोप उपटू नका; मातीसकट खणून काढा आणि मुळे हलकेच पाण्यात धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. हा रोग नव्हे. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर तेथील सूक्ष्म जीवाणू कामावर आहेत असे समजावे. ते हवेतील नत्र रोपास देतात व रोप त्यांना साखर पुरविते. इ. स. १८८६ मध्ये हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी या गाठींचे कार्य जगापुढे मांडले. मूग, उडीद, हुलगा, ताग ही सारी याच कुळातील. अमेरिकेतील काही शेतकरी मक्याच्या आधी अशीच द्विदल पिके पेरून जमिनीत गाडतात.

मग सोलापुरातही शाळूपूर्वी ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा, हे ओघानेच आले. पण येथेच खरी अडचण आहे. ताग नत्र देतो खरा, पण ओलही पितो. आणि ती ओल तर शाळूची शिदोरी! परतीचा पाऊस चुकला, तर खत मिळूनही पीक वाळेल. तेव्हा पाण्याची सोय असेल तेथेच तागाचा विचार करावा. कोरडवाहू रानात लवकर निघणारा मूग किंवा उडीद बरा. मात्र शेंगांबरोबर बरेचसे नत्र घरी जाते, हे विसरू नये. पाला व मुळे तेवढी शेताच्या वाट्यास येतात.

सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. तेथे पुढे आणखी एक वाट चोखाळली गेली. गिरिपुष्प हे झाडही द्विदल कुळातीलच. ते बांधावर लावावे, त्याच्या कोवळ्या फांद्या छाटाव्या आणि तो पाला शेतात मिसळावा. झाड बांधावर असल्याने पिकाची जागा अडत नाही, आणि पाला कुजू लागला की त्यातील नत्र शाळूच्या मुळांस हळूहळू मिळू लागते.