वर्गातील सहकार्य : गटाध्ययनाचा भारतीय अनुभव

शालेय शिक्षणाची चर्चा बहुधा पटनोंदणी, गळती आणि खर्च या निकषांभोवती फिरते. वर्गात विद्यार्थी परस्परांशी कोणत्या नात्याने शिकतात, हा प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहतो. परीक्षापद्धती विद्यार्थ्याला एकट्याने स्पर्धा करण्यास शिकवते. पुढे शेती, कारखाना, प्रशासन वा संशोधन यांत मात्र त्याला इतरांच्या साथीनेच काम करावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संवाद, सहकार्य आणि संघकार्य यांचा जीवनकौशल्यांत समावेश आहे, तो या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

बहुवर्ग शाळांची गरज

भारतात गटाध्ययन ही केवळ अध्यापनाची हौस नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक आवश्यक ठरतात. म्हणजेच लहान गावातील शाळेत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक ही स्थिती कायद्याच्या चौकटीतच संभवते. एका इयत्तेला शिकवताना उर्वरित मुलांचा वेळ वाया जाऊ नये, यासाठी मुलांनी परस्परांकडून शिकणे अपरिहार्य होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मद्रास येथील लष्करी अनाथालयाच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला. १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि ही रीत इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धती’ म्हणून ओळखली गेली. तिचे मुख्य आकर्षण अल्प खर्च हे होते. तथापि तीत ज्ञान वरून खाली वाहत असे. समान जबाबदारीचे संघकार्य तीत नव्हते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योगी शिक्षणाने मात्र उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला.

दक्षिणेतील प्रयोग

आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांनी पाठ्यपुस्तकाचे लहान कृतिपत्रांत विभाजन केले आणि ती पत्रे ‘अध्ययन शिडी’च्या क्रमाने मांडली. कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्याच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने सुरू झालेल्या ‘नली-कली’ उपक्रमाने यापासून प्रेरणा घेतली. तामिळनाडूत २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययन सुरू झाले व पुढे ते राज्यभर विस्तारले. तेथे मुलांचे गट इयत्तेनुसार नव्हे, तर साहाय्याच्या गरजेनुसार पडत : काही गटांना शिक्षकाची पूर्ण वा अंशतः मदत, काहींना सोबत्यांची, तर काही मुले स्वतंत्रपणे शिकत. शिक्षकाचा वेळ ही दुर्मीळ साधनसामग्री ज्यांना अधिक गरज आहे त्यांच्याकडे वळविणे, हे या रचनेचे मर्म होय.

फुकट लाभाची समस्या

मुलांना एकत्र बसविले म्हणजे सहकार्य घडतेच असे नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, लाभ सर्वांना सारखाच मिळत असेल तर स्वतःचा वाटा न उचलता त्याचा उपभोग घेण्याकडे व्यक्तीचा कल असतो आणि गट जितका मोठा तितकी ही प्रवृत्ती बळावते. संपूर्ण गटाला एकच गुण दिल्यास नेमके हेच घडते : एक-दोन मुले काम करतात, इतर नावापुरती राहतात. म्हणून अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांनी दोन अटींवर भर दिला : गटाचे उद्दिष्ट समान असावे आणि प्रत्येकाचे उत्तरदायित्व स्वतंत्र असावे.

एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे मांडलेली ‘जिगसॉ’ पद्धत या अटींना अनुरूप आहे. वंशभेदाच्या भिंती नुकत्याच हटलेल्या तेथील शाळांत तणाव होता. पाठाचे भाग करून प्रत्येक मुलाकडे एकच भाग सोपविला गेला. तो त्याने इतरांना समजावून द्यावयाचा आणि चाचणी मात्र प्रत्येकाची संपूर्ण पाठावर. परिणामी प्रत्येक मूल इतरांना आवश्यक ठरले.

मर्यादा व दिशा

भारतीय वर्गात जात, लिंग आणि भाषा यांचे अंतर गटातही शिरते. गट मुलांच्या मर्जीवर सोडल्यास ओळखीची मुलेच एकत्र येतात; मुलींकडे लेखन आणि मुलांकडे नेतृत्व अशी वाटणीही सहज होते. यास्तव चार-पाच जणांचे मिश्र गट, आळीपाळीने बदलणाऱ्या भूमिका आणि वैयक्तिक चाचणीची जोड आवश्यक आहे. कृतिपत्रांची सिद्धता व नोंदी यांमुळे शिक्षकाचा भार वाढतो, याचाही विचार प्रशिक्षण आणि नियोजनात व्हावयास हवा.

सारांश, स्पर्धा आणि सहकार्य ही परस्परविरोधी मूल्ये नव्हेत. इतरांना समजावून सांगताना स्वतःचे आकलन पक्के होते आणि मागे पडणाऱ्या मुलास आधार मिळतो. समतेचे उद्दिष्ट साध्य करण्याचा हा अल्पखर्चिक मार्ग आहे; मात्र गटाची रचना विचारपूर्वक केली, तरच तो फलदायी ठरेल.