माझा छंद : आजोबांची बंदूक



चौथीच्या वर्गात 'माझा छंद' हा निबंध घेतला. कुणी नाणी, कुणी तिकिटे लिहिली. एकाने लिहिलं, "मी बंदुका जमवणार. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहेच." आपलं गडचांदूर जंगलालगतचं. रानडुकरांपासून पीक राखायला कुणाकडे अशी बंदूक असायची. मी रागावले नाही, पण माळ्याचं ऐकून दचकले. दुसऱ्या दिवशी हे समजावलं :

१) शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीला परवाना लागतो.
२) २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.
३) परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. आजोबा वारले की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला ती हवी असेल तर त्याने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा.
४) दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते आपण घरबसल्या ठरवायचं नसतं.

मग हौसेचं काय? पुण्यातील दिनकर केळकरांनी आयुष्यभर जुन्या वस्तू जमवल्या आणि तो संग्रह राज्य शासनाला दिला. त्यांच्या संग्रहालयात शस्त्रेही आहेत. मुलांना ती दाखवा, चित्रे काढू द्या, माहिती लिहू द्या. हाही संग्रहच आहे.

दोन दिवसांनी त्या मुलाचे वडील आले. "मॅडम, बाबांना जाऊन वर्ष झालं. उद्याच ठाण्यात जातो," म्हणाले.

तुमच्याही माळ्यावर एकदा बघा.