यंत्राने आकडा स्वीकारला, म्हणजे काय?

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या शरीरात जाणारे बहुतेक महत्त्वाचे औषध आज कोणीतरी कळफलकावर दाबलेल्या एका आकड्याच्या हुकमाने जाते. सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, डायलिसिसचे यंत्र, नवजात शिशूची काचपेटी, रेडिओथेरपीचे यंत्र. नावे निराळी, परंतु घडण एकच. माणूस पडद्यावर एक मूल्य भरतो, यंत्र ते मान्य करते, आणि मग मोटर, झडप, हीटर किंवा किरणशलाका त्या मूल्याप्रमाणे काम करू लागते. या ‘मान्य’ शब्दामागे यंत्राने नेमकी कोणती तपासणी केलेली असते, याचा विचार आपण वैद्यकीय व्यावसायिक क्वचितच करतो. यंत्र घेताना किंमत, वॉरंटी आणि सर्व्हिस इंजिनिअर अहमदाबादहून येणार की सुरतेतच आहे, एवढे विचारून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात त्या एका शब्दाचा थोडा तपशिलात विचार करावयाचा आहे. डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही तो वाचावा, कारण अशा यंत्राच्या शेजारी रात्र काढण्याची वेळ कोणावरही येते.

एक साधे गणित घेऊ. नॉरअॅड्रिनॅलीन ४ मि.ग्रॅ., एकूण ५० मि.लि. द्रावणात, म्हणजे दर मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, मात्रा दर किलोस दर मिनिटास ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. पंपावर भरावयाचा वेग ताशी ४.५ मि.लि. आता दशांशचिन्हाची कळ नीट दाबली गेली नाही आणि ४५ भरले गेले असे समजा. पंप तो आकडा विनातक्रार स्वीकारील. सामान्य सिरिंज पंपाची मर्यादा ताशी ०.१ मि.लि.पासून हजाराच्याही पुढे जाते. ४५ तिच्यात सहज बसतो. सलाइनसाठी हा वेग अगदी किरकोळ आहे. नॉरअॅड्रिनॅलीनसाठी तो दहापट आहे, आणि रक्तदाब कोठे जाईल हे वाचकांतील डॉक्टरांना सांगावयास नको.

येथे यंत्राने तपासणी केली नाही असे म्हणता येणार नाही. त्याने मोटरच्या दृष्टीने तपासले. रुग्णाच्या दृष्टीने तपासण्याजोगी माहिती त्याच्यापाशी नव्हती. सिरिंजमध्ये कोणते औषध आहे, किती तीव्रतेचे आहे, रुग्ण किती किलोचा आहे, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नाही.

आकडा तपासण्याच्या पायऱ्या असतात. पहिली अगदी प्राथमिक : जे भरले ते संख्या म्हणून सुसंगत आहे काय? ही पायरीसुद्धा गृहीत धरण्याजोगी नाही. काही पंपांमध्ये शंभराच्या वर दशांश भाग चालत नसे, आणि १००.५ अशा कळा दाबल्यास दशांशचिन्ह निमूटपणे गाळून यंत्र १००५ समजे. स्वान्सी विद्यापीठातील हॅरोल्ड थिंबलबी आणि त्यांचे सहकारी पॉल केर्न्स यांनी २०१० साली या विषयावर लिहिताना दाखवून दिले की, अशी चुकीची कळफेक यंत्राने गाळून न टाकता तेथेच अडविली, तर दहापटीच्या चुका जवळपास निम्म्यावर येऊ शकतात. उपाय स्वस्त आहे. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढतात. तरीही तो सर्वत्र नाही.

दुसरी पायरी मर्यादेची, तिचे उदाहरण वर आले. तिसरी एककाची, आणि माझ्या मते सर्वांत अधिक घात येथेच होतो.

कॅनडातील एडमंटन येथील क्रॉस कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये २००६ साली घडलेली घटना या दृष्टीने प्रत्येक रुग्णालयात शिकविली जावी अशी आहे. एका महिलेला फ्लुओरोयुरॅसिल ५२५० मि.ग्रॅ. चार दिवसांत, लहानशा फिरत्या पंपाने द्यावयाचे होते. द्रावणाची तीव्रता दर मिलिलिटरला ४५.५७ मि.ग्रॅ. परिचारिकेने हिशेब केला : ५२५० भागिले ४५.५७, भागिले चार, उत्तर २८.८. आकडा बरोबर होता, परंतु तो दर चोवीस तासांचा होता. आणखी एकदा २४ ने भागून ताशी १.२ मि.लि. यावयास हवे होते. पिशवीवरील लेबलवर दोन्ही आकडे छापलेले होते, २८.८ दिसल्यामुळे हिशेब जुळल्यासारखा वाटला. दुसऱ्या परिचारिकेनेही पडताळणी केली. पंपाने ताशी २८.८ मि.लि. हा वेग मान्य केला आणि चार दिवसांचे औषध चार तासांत संपले. सुमारे तीन आठवड्यांनी त्या महिलेचा मृत्यू झाला.

या प्रकरणाचा जो अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला, त्याने व्यक्तीला दोष देऊन विषय संपविला नाही. दोन माणसांनी एकाच लेबलकडे पाहून एकच हिशेब करणे ही दुहेरी तपासणी होत नाही. दुसऱ्याने पहिल्याचे उत्तर न पाहता, कोऱ्या कागदावरून सुरुवात करावयास हवी. आणि यंत्राला फक्त वेग न विचारता ‘एकूण औषध किती आणि किती तासांत’ असे विचारावयास भाग पाडले असते, तर ११५ मि.लि. आणि ९६ तास या दोन आकड्यांतून २८.८ कधीच निघाला नसता. भरलेली मूल्ये एकमेकांशी ताडून पाहणे ही चौथी पायरी. ती ज्या यंत्रात आहे ते यंत्र थोडे महाग असले तरी घ्यावे.

एककाचा हाच घोळ आपल्या घराघरांत आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने ‘२०’ या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात ८ युनिट येतात. उलट १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने २० पर्यंत ओढले तर ५० युनिट! घरातील ज्येष्ठांचे इन्सुलिन सून किंवा नातू भरत असेल, तर त्याने बाटली आणि टोपण यांची जोडी दर खेपेस पाहावी. रुग्णालयातही ५० युनिट इन्सुलिन ५० मि.लि. मध्ये मिसळताना ही चूक झाली, तर पंपाच्या पडद्यावर ‘दर मिलिलिटर १ युनिट’ असेच दिमाखात झळकत राहते. सिरिंजच्या आत डोकावण्याची सोय त्याला नाही.

सुरतेतील आपल्या वॉर्डांत या अडचणींवर भाषेची आणखी एक पुटी चढते. डॉक्टर मराठी किंवा गुजराती, परिचारिका कोणी केरळची, कोणी डांगची, कोणी खानदेशातील, यंत्र इंग्रजी. दूरध्वनीवर ‘साडेचार’ किंवा ‘साडाचार’ सांगितलेले ऐकणाऱ्याने मनात ४.५ करावयाचे आणि मग टंकावयाचे. ‘एकोणचाळीस’ आणि ‘एकोणपन्नास’, गुजरातीतील ‘ओगणचाळीस’ आणि ‘ओगणपचास’, यांत वीस-तीस वर्षे येथे काढलेला मनुष्यही क्षणभर थबकतो. नवीन आलेल्या परिचारिकेची काय कथा! लिहिण्यात निराळाच धोका. देवनागरी किंवा गुजराती १ घाईत लिहिला तर इंग्रजी नऊसारखा दिसतो, ७ इंग्रजी सहासारखा, ५ चारसारखा. लिंबायत किंवा उधन्याहून आलेल्या आईने आणलेल्या चिठ्ठीवर बाळाचे वजन मराठी आकड्यांत असेल, तर ते पंपात भरण्यापूर्वी बाळाला पुन्हा काट्यावर ठेवावे. तोंडी आदेश ऐकणाऱ्याने आकडे सुटे करून परत म्हणावेत : ‘चार, दशांश, पाच, मिलिलिटर, दर तास’. लेखी आदेशात ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे आणि ‘५.०’ न लिहिता नुसते ‘५’. ठिपका पुसट झाला तरी मग दहापट फरक पडत नाही.

आता तपासणीच्या अशा बाजूकडे वळू, जी पडद्यावर दिसत नाही. कॅनडात बनलेले थेराक-२५ हे रेडिओथेरपीचे यंत्र जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर मात्रा देऊन बसले. त्यांपैकी किमान तिघे दगावले. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये तंत्रज्ञ महिलेने क्ष-किरणांसाठी ‘एक्स’ ही कळ दाबली, चूक लक्षात येताच बाण वर नेऊन इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ केली आणि सवयीच्या वेगाने पुढे गेली. पडद्यावर सर्व बरोबर होते. परंतु यंत्रातील चुंबक जुळण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि त्या आठ सेकंदांत केलेला बदल प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला कळतच नसे. १८० रॅडऐवजी रुग्णाला एका सेकंदाच्या आत १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले असावेत, असा पुढे अंदाज झाला. यंत्राने दिलेला इशारा होता ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ खाटेजवळच्या कोणालाही ठाऊक नव्हता.

थेराक-२० या आधीच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही हाच दोष होता. तेथे मात्र स्वतंत्र विद्युत् व यांत्रिक कुलपे होती, त्यामुळे फ्यूज उडे आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रात ती कुलपे काढून सारा भरवसा प्रोग्रॅमवर ठेवला गेला. यंत्रमागाच्या या शहरात हे समजावण्यास फार शब्द लागू नयेत. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कारागिराचे लक्ष होते की नव्हते, याची तो वाट पाहत नाही. भरलेले मूल्य आणि प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांची अशी स्वतंत्र पडताळणी ही पाचवी, आणि माझ्या मते निर्णायक पायरी होय.

ती उत्तम रीतीने योजलेली पाहावयाची असेल, तर नवजात शिशूच्या काचपेटीकडे पाहावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हवेचे तापमान नेहमीच्या रीतीने ३७ अंशांपर्यंतच लावता येते. त्याहून वर, ३९ पर्यंत, न्यावयाचे तर एक वेगळी कृती हेतुपुरस्सर करावी लागते आणि तसा दिवा लागतो. शिवाय मुख्य नियंत्रणाशी संबंध नसलेला एक तापमान-तोडक असतो, जो नेहमीच्या स्थितीत ३८ अंशांवर आणि वरच्या टप्प्यात ४० अंशांवर हीटर बंद करतो. सैल मर्यादा, कडक मर्यादा आणि स्वतंत्र कुलूप, तिन्ही एका पेटीत.

सिरिंज पंपांत याच्याशी मिळतीजुळती सोय म्हणजे औषधसूची. प्रत्येक औषधाची तीव्रता, मात्रेची सैल आणि कडक मर्यादा पंपात आधीच भरून ठेवता येते. पोटॅशियम क्लोराइडसाठी ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटला इशारा आणि २० ला पूर्ण अटकाव, अशी. परंतु ही सूची भरणे हे रुग्णालयाचे काम आहे. विक्रेता ते करून देत नाही, आणि दिलेच तर ते आपल्या रुग्णांसाठी नसते. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, फार्मासिस्ट आणि वॉर्डची अनुभवी परिचारिका यांनी दोन-तीन दुपारी एकत्र बसून ती करावी, आणि प्रत्येक औषधाची एकच ठरावीक तीव्रता नक्की करावी. मर्यादा अतिशय घट्ट ठेवल्या तर दर दहा मिनिटांनी पंप ओरडेल आणि परिचारिका न वाचता कळ दाबून मोकळी होईल; ती सवय लागली की सूची असून नसल्यासारखी. एकदा ठरविलेल्या मर्यादांचा वर्षातून दोनदा तरी आढावा हवा.

सिरिंजच्या बनावटीचाही उल्लेख करावयास हवा. पंप दट्ट्या किती पुढे सरकला ते मोजतो, औषध किती गेले ते नव्हे. स्टोअरने स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची ५० मि.लि.ची सिरिंज आणली आणि पंपात जुन्याच कंपनीचे नाव राहिले, तर आतील व्यासात पाच टक्के फरक असता औषधात सुमारे दहा टक्के फरक पडतो. पडद्यावर काहीही चुकलेले दिसणार नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्यूजन पंपांविषयी सुमारे ५६,००० प्रतिकूल घटनांचे अहवाल आले आणि ८७ वेळा पंप परत बोलावले गेले. त्यातूनच २०१० साली तेथे सुधारणेची मोहीम सुरू झाली. आपल्याकडे जुलै २०१५ पासून गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. लहान नर्सिंग होमलाही तेथे कळविता येते. रुग्णाला इजा झाली नाही, थोडक्यात टळले, अशा घटनाही कळवाव्यात. दुसऱ्या गावातील तोच पंप त्यामुळे सुधारू शकतो.

नवा पंप दाखविण्यास विक्रेता येईल तेव्हा त्याच्या हातून बरोबर आकडे भरून घेण्यात वेळ घालवू नये. नॉरअॅड्रिनॅलीन निवडून ४५ भरावे. प्रौढ रुग्णाचे वजन ६ किलो द्यावे. दोन दशांशचिन्हे दाबावीत. आकडा अर्धवट सोडून पाच मिनिटे चहा घ्यावा आणि पडद्यावर जुना आकडा राहिला की नवा, ते पाहावे. चालू असताना वीज काढावी, पुन्हा लावावी. शेवटी आपल्याच स्टोअरमधील सिरिंज लावून ताशी १० मि.लि. वेगाने तासभर पाणी मोजपात्रात सोडावे आणि पात्रात किती जमले ते स्वतः वाचावे. मग बिलावर सही करावी.