मीटरचा लुकलुकता दिवा काय सांगतो?

विजेचे बिल जास्त आले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, मिक्सर फार चालतो. कुणी म्हणते, मुले दिवे मालवत नाहीत. प्रत्येकाचा आरोपी निराळा, पण पुरावा मात्र कोणाजवळच नसतो. हा पुरावा तुमच्याच घरच्या मीटरमध्ये आहे. तो कसा मिळवायचा, हे या पाठात पाहू.

युनिट म्हणजे काय?

उपकरण दर सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा वापरत असेल, तर त्याची शक्ती १ वॅट. १००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. यालाच आपण १ युनिट म्हणतो. तासाचे सेकंद ३६००; म्हणून १ युनिट म्हणजे १००० × ३६०० = ३६,००,००० ज्यूल.

ही ऊर्जा किती मोठी आहे, याची कल्पना करा. कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर आहे. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाला समुद्रसपाटीपासून या शिखराइतके उंच, तेही चार वेळा, उचलायला एका युनिटाहूनही कमी ऊर्जा पुरते.

दिव्याची भाषा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, बहुधा ३२०० असा. याचा अर्थ, एक युनिट खर्च होताना हा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. तेव्हा एका लुकलुकीमागे ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ ज्यूल खर्च होतात. काही मीटरांवर १६०० किंवा ६४०० असा आकडा असतो. तुमच्या मीटरवरचा आकडा पाहून भागाकार करा.

प्रयोग

साहित्य: सेकंद दाखवणारे घड्याळ, वही, पेन्सिल व एक सोबती.

कृती: हा प्रयोग घरातील मोठ्या माणसांना सांगूनच करा. मीटर फक्त पाहायचा आहे. त्याच्या तारांना व सीलला मुळीच हात लावू नका.

१. घरातील सर्व उपकरणांची बटने बंद करा. फ्रिजही थोडा वेळ बंद ठेवा. आता दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. काही मीटरांत तो अशा वेळी स्थिर पेटलेला राहतो. सर्व काही बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर कोठे तरी उपकरण चालू राहिले आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. अशा वेळी जाणकार वायरमनला दाखवा.

२. सोबत्याला एकच उपकरण चालू करायला सांगा.

३. एका लुकलुकीला 'शून्य' म्हणून घड्याळ सुरू करा आणि पुढच्या दहा लुकलुकींना लागलेला वेळ मोजा. पहिल्या लुकलुकीला 'एक' म्हटलेत तर उत्तर चुकेल, कारण आपल्याला मधली अंतरे मोजायची आहेत.

सूत्र: शक्ती (वॅट) = ११२५ × लुकलुकींची संख्या ÷ लागलेले सेकंद

समजा, पंखा पूर्ण वेगात असताना १० लुकलुकींना १५० सेकंद लागले. ११२५ × १० ÷ १५० = ७५ वॅट. गीझर लावल्यावर दिवा भराभर लुकलुकेल, म्हणून ५० लुकलुकी मोजा. याउलट ९ वॅटच्या एका एलईडी दिव्याला एका लुकलुकीसाठी १२५ सेकंद लागतात! तेव्हा असे चार-पाच दिवे एकदम लावून मोजा व भागाकार करा.

आता महिन्याचा हिशेब

एका घरातील रोजचा वापर पुढीलप्रमाणे आहे असे समजू. महिना ३० दिवसांचा धरला आहे.

गीझर, २००० वॅट, अर्धा तास: ३० युनिट
पंखा, ७५ वॅट, १२ तास: २७ युनिट
सेट-टॉप बॉक्स, ८ वॅट, २४ तास: ५.७६ युनिट
मिक्सर, ५०० वॅट, १० मिनिटे: २.५ युनिट
एलईडी दिवा, ९ वॅट, ५ तास: १.३५ युनिट

या तक्त्याकडे नीट पाहा. मोठा आवाज करणारा मिक्सर उगीचच बदनाम झाला होता. रिमोटने 'बंद' केलेला, पण आतून जागाच असलेला डबा त्याच्या दुपटीहून अधिक वीज खातो. आणि गरीब वाटणारा पंखा गीझरच्या जवळ जाऊन पोहोचतो! कारण ऊर्जा = शक्ती × वेळ. आपले लक्ष शक्तीकडे जाते. वेळ मात्र नजरेतून सुटतो.

असे चार पंखे असतील, तर १०८ युनिट झाली. त्यांच्या जागी सुमारे ३० वॅटचे, बीएलडीसी मोटारीचे पंखे बसवले, तर दर पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतील. नव्या पंख्याची किंमत किती महिन्यांत भरून निघेल, हे आता तुम्हीच काढू शकाल.

फ्रिजला मात्र ही रीत लागू करू नका. त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, म्हणून एका क्षणीचे माप पुरेसे नाही. त्याच्या तारांकित पट्टीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात; त्यांना १२ ने भागा.

वाचलेल्या युनिटाची किंमत

महावितरणच्या घरगुती दरांत पायऱ्या आहेत. पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढील युनिटांना अधिक दर. पायरी ओलांडली म्हणून सगळ्याच युनिटांना चढा दर लागत नाही. फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण आपण वाचवतो ती युनिटे वरचीच असतात! म्हणून बचतीचा हिशेब बिलातील सरासरीने न करता शेवटच्या पायरीच्या दराने करावा.

जाहिरातीची परीक्षा

बाजारात 'वीज वाचवणारी' डबी मिळते. ती नुसती प्लगमध्ये लावा, बिल कमी होईल, असे सांगतात. अशा डब्यांत बहुधा एक कपॅसिटर असतो. त्यामुळे तारांतील प्रवाह थोडा कमी होऊ शकतो. पण घरगुती मीटर प्रवाह मोजत नाही, प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो. शेजाऱ्यांनी अशी डबी आणली असेल, तर वाद घालू नका. पंखा लावून दहा लुकलुकींचा वेळ मोजा. मग डबी लावून पुन्हा मोजा. वेळ वाढला नाही, तर बचतही झाली नाही.

करून पाहा

१. रेग्युलेटर १, ३ आणि ५ वर ठेवून पंख्याची शक्ती मोजा. जुना, चौकोनी पेटीचा रेग्युलेटर आणि नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांत काय फरक पडतो?

२. टीव्ही रिमोटने बंद करून मोजा. मग भिंतीवरचे बटन बंद करून मोजा.

३. १५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर न्यायला किती युनिट लागतील? (१ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. उत्तर: सुमारे ०.४४ युनिट.)

शिक्षकांना सूचना: वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरचा तक्ता आणावा व त्यातील सर्वांत मोठा आकडा फळ्यावर लिहावा. कोणत्या घरी कोणते उपकरण पहिले आले, यावर वर्गात चांगली चर्चा होईल.